पनवेलपुढचा घाट आणि सायकलस्वाराची वेदना

१/ पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालेल्या सायकलस्वारास खोपोलीपर्यंतचे सुमारे ३० किलोमीटर फारसे जड जात नाहीत. त्यापुढे बोरघाट सुरू होतो. १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात गाडीरस्ता म्हणून खुला झालेला हा घाट खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढतो.

२/ १९४५ साली सुरू झालेल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीची खरी कसोटी इथेच लागते. घाटमाथा प्रथम गाठणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. शिंग्रोबाच्या देवळापाशी सर्वांच्याच मांड्या पेटलेल्या असतात, छातीचा भाता झालेला असतो. तरी एक जण पुढे सरकतो आणि दुसरा पाय टेकतो. हा फरक स्वभावाचा की सरावाचा?

३/ सायकलस्वाराच्या मनाकडे शास्त्राचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. अमेरिकी संशोधक नॉर्मन ट्रिपलेट याने सायकल शर्यतींच्या नोंदी तपासून १८९८ मध्ये दाखवले, की एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत कोणी असणारा स्वार अधिक वेगाने जातो. पाय तेच, बदलते ते मन.

४/ मग वेदना जाते कुठे? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘द्वार-नियंत्रण सिद्धान्त’ मांडला. त्यानुसार पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार असते. वेदनेचे संदेश किती आत सोडायचे, यावर मेंदूचाही अधिकार चालतो. लक्ष, भीती आणि हेतू हे त्या दाराचे राखणदार.

५/ येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. दुखू लागते तो वेदनेचा उंबरठा. ‘आता पुरे’ असे वाटेपर्यंतची मजल म्हणजे सहनशक्ती. खेळाडू आणि इतर यांच्यातील फरक उंबरठ्यापेक्षा सहनशक्तीत अधिक ठळकपणे आढळतो. म्हणजे राजालाही दुखतेच.

६/ ही सहनशक्ती जन्मजात असते का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात निरोगी व्यक्तींच्या दोन गटांनी सहा आठवडे व्यायाम केला. दमछाक करणारा तीव्र सराव केलेल्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढली. मध्यम गतीने व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. उंबरठा मात्र दोघांचाही जागीच राहिला.

७/ स्वभाव अगदीच गौण नव्हे. वेदनेचा बाऊ करणारे मन तीच कळ अधिक तीव्रतेने भोगते. पण वेदना साफ नाकारणे हाही गुण नव्हे. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माजी विश्वविजेता टॉम सिम्प्सन माँ व्हाँतूच्या चढावर कोसळला आणि मरण पावला. प्रखर ऊन होते, आणि शवविच्छेदनात त्याच्या शरीरात अँफेटामाइन व मद्य आढळले. शरीर थांबण्याचा इशारा देते, तो उत्तेजक द्रव्याने दाबला जातो. मूळ संकट तसेच राहते.

८/ म्हणून ‘घाटाचा राजा’ म्हणजे दगडाच्या काळजाचा माणूस, ही समजूत सोडून द्यावी. थकव्याची कळ कोणती आणि इजेची कळ कोणती, हे ज्याला वाचता येते, तोच खरा घाटाचा जाणकार. हे वाचन जन्मतः येत नाही. चढावर पुन्हा पुन्हा जाऊन शिकावे लागते. पनवेल मागे टाकून पहाटे घाटाकडे निघालेला प्रत्येक नवखा स्वार त्याच शाळेत निघालेला असतो.