प्लेगची आकडेवारी व लशीचा स्वीकार, मुंबई इलाख्यातील

मुंबई शहरात १८९६ मध्ये उद्‌भवलेल्या आणि पुढे सर्व हिंदुस्थानभर पसरलेल्या प्लेगच्या (ग्रंथिक संनिपाताच्या) साथीत मृतांची गणना कोणत्या रीतीने झाली आणि हाफकिन यांनी तयार केलेली प्रतिबंधक लस निरनिराळ्या समाजांनी कितपत स्वीकारली, यासंबंधीचा इतिहास. हे दोन विषय वरवर भिन्न वाटले, तरी ते परस्परांत गुंतलेले आहेत. लशीचा गुण मृत्यूंच्या आकड्यांवरून ठरावयाचा होता. ते आकडे खरे मिळणे लोकांच्या सरकारवरील विश्वासावर अवलंबून होते, आणि त्या विश्वासाला सक्तीच्या उपायांनी सुरुवातीसच तडा गेला होता. लस किती लोकांनी घेतली यापेक्षा ती कोणी, कोणत्या परिस्थितीत घेतली, हे कळल्यावाचून त्या काळच्या तक्त्यांचा अर्थ लागत नाही.

मांडवी विभागातील रुग्णांना झालेला आजार प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये केले. मांडवीत धान्याची कोठारे, उंदरांचा सुळसुळाट आणि दाट वस्ती या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. उंदीर व पिसवा यांचा या रोगाशी असलेला संबंध तेव्हा सिद्ध झालेला नव्हता, त्यामुळे सगळा भर घरे धुणे, जंतुनाशके शिंपडणे, रुग्णांना रुग्णालयात हलविणे आणि त्यांच्या आप्तांना छावणीत वेगळे ठेवणे यांवर होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांविषयीचा कायदा मंजूर झाला आणि या उपायांना कायद्याचे बळ मिळाले. त्यापूर्वीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी झालेल्या घरझडत्यांचा शेवट २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडण्यात झाला. आकडेवारीचा विचार करताना ही पार्श्वभूमी नजरेआड करता येत नाही, कारण ज्या घरात प्लेगचा रुग्ण सापडे, त्या घरावर हे सर्व ओढवत असे.

साहजिकच लोक रुग्ण लपवू लागले. मुंबईत मृत्यूची नोंद मुख्यतः स्मशाने व दफनभूमी येथील कारकुनांकडून होई. मृताचे वय, जात वा धर्म, राहण्याचा विभाग आणि आप्तांनी सांगितलेले मरणाचे कारण ते लिहून घेत. डॉक्टरचा दाखला फारच थोड्या मृतांबाबत असे. साथ भरात आली तेव्हा प्लेगच्या मृत्यूंबरोबर नुसता ‘ताप’ आणि ‘छातीचे विकार’ या सदरांखालील मृत्यूही एकाएकी वाढले. छातीचे विकार ऐन प्लेगच्याच महिन्यांत का बळावावेत, हे उघड होते. म्हणून नगरपालिकेचे आरोग्य खाते दोन हिशेब ठेवू लागले. एक, प्लेग म्हणून नोंदलेल्या मृत्यूंचा. दुसरा, त्या आठवड्यातील एकूण मृत्यूंमधून आधीच्या पाच वर्षांतील त्याच आठवड्याची सरासरी वजा करून उरणाऱ्या ‘जादा’ मृत्यूंचा. दुसरा आकडा नेहमीच पहिल्याहून मोठा येई आणि सत्याच्या अधिक जवळ असे. कारण खोटे सांगता येते, प्रेत मात्र सहसा लपविता येत नाही, हे त्यामागील साधे तत्त्व होय. साथींचे मृत्युमान अजमावण्याची ही रीत आजही जगभर वापरतात.

तथापि मृतांचा आकडा बरोबर मिळाला, तरी तो कोणत्या लोकसंख्येला भागावयाचा, हा प्रश्न उरतोच. १८९१ च्या खानेसुमारीनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९६-९७ च्या हिवाळ्यात लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत कच्छ-काठेवाड व गुजरातेत मूळ घर असलेले व्यापारी होते, तसेच कोकण व घाटावरील गावी परतलेले गिरणीकामगारही होते. प्रत्येक समाजाचे जाणे व परतणे वेगवेगळ्या वेळी झाले. मृत्युदर मात्र १८९१ च्या जातवार आकड्यांवरूनच काढले जात राहिले. ज्या समाजाचे लोक अधिक प्रमाणात निघून गेले, त्याचा शहरातील मृत्युदर त्यामुळे कागदावर कमी दिसे. गावी जाऊन दगावलेले लोक मुंबईच्या तक्त्यात येतच नसत. १९०१ ची खानेसुमारी १ मार्च रोजी, म्हणजे प्लेगच्या ऐन हंगामात झाली. तीत लोकसंख्या ७,७६,००६ भरली. हा आकडा शहराच्या खऱ्या वाढीचा निदर्शक नाही, हे उमगल्यामुळे १९०६ मध्ये शहरापुरती स्वतंत्र शिरगणती करण्यात आली, तेव्हा ती ९,७७,८२२ निघाली. पाच वर्षांत दोन लाख माणसे नव्याने आली, असा त्याचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. त्यांतील बरीचशी परतलेली होती.

वाल्डेमार हाफकिन हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ. १८९३ पासून ते हिंदुस्थानात पटकीच्या लशीचे प्रयोग करीत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तुटपुंज्या जागेत, अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मांसरसाच्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे म्हणजे त्यांखाली जंतूंचे लोंबते पुंजके तयार होतात, नंतर उष्णतेने जंतू मारून त्यात कार्‌बॉलिक अम्ल घालावयाचे, अशी ही कृती होती. गाय व डुक्कर यांचे मांस येथील लोकांना चालणार नाही, हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले. देवीच्या लशीचा पूर्वानुभव यामागे असावा. १८०२ मध्ये मुंबईत प्रथम देवी टोचल्या गेल्या, तेव्हापासून बरीच वर्षे एका मुलाच्या दंडावरील लस दुसऱ्याच्या दंडावर टोचीत असत आणि कोणत्या जातीच्या मुलाची लस घ्यावयाची, यावरून अनेक घरांत नकार येई.

जानेवारी १८९७ अखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले; लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच तो झाला आणि दोघेही वाचले. संख्या लहान असली, तरी एकच अन्न, एकच छप्पर आणि एकच दिनक्रम असलेले दोन गट तुरुंगाबाहेर मिळणे कठीण होते, म्हणून या प्रयोगाला महत्त्व आले. पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यात आली. तेथील लोअर दमण या भागातील २,१९७ लस घेतलेल्यांपैकी ३६, तर लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ दगावले. हे आकडे त्या वेळी सर्वत्र उद्‌धृत झाले. ते प्रभावी आहेत यात शंका नाही, पण त्यांत एक दोष आहे. लस टोचणे साथ सुरू असतानाच टप्प्याटप्प्याने झाले. आज लस घेतलेला मनुष्य कालपर्यंत न घेतलेल्यांत होता. लस मिळण्यापूर्वीच जे मेले, ते सगळे ‘लस न घेतलेल्यां’च्या खात्यावर जमा झाले. शिवाय येथील पारशी समाजातील बहुतेकांनी लस घेतली होती आणि त्यांची घरे व राहणी इतर रहिवाशांहून निराळी होती. अशा वेळी फरकातला किती वाटा लशीचा आणि किती राहणीचा, हे एकूण बेरजेवरून सांगता येत नाही.

ही अडचण ध्यानात ठेवूनच बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात फेब्रुवारी १८९८ मध्ये वेगळी रीत योजण्यात आली. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली व निम्म्यांना टोचली नाही. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग झाला, त्यांत लस घेतलेले ७१ व न घेतलेले ६४ लोक होते. पहिल्यांपैकी ८ आजारी पडून ३ दगावले. दुसऱ्यांपैकी २७ आजारी पडून २६ दगावले. जात, घर, अन्न, अंगण ही सर्व दोन्ही बाजूंस सारखीच राहिल्यामुळे समाजासमाजांतील भेदाचा प्रश्नच येथे मिटतो. मुंबईतील भल्यामोठ्या तक्त्यांपेक्षा या छोट्या खेड्याची नोंद अधिक विश्वसनीय आहे. ज्यांना लस मिळाली नाही, त्या ६४ जणांची निवड कोणी व कशी केली आणि त्यांना काय सांगितले गेले, हा प्रश्न मात्र आजच्या वाचकाला अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही.

मुंबई शहरात लशीचा सर्वांत ठळक स्वीकार खोजा समाजात झाला. त्यांचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान तेव्हा विशीत होते. त्यांनी आपली एक वास्तू हाफकिन यांच्या कामासाठी दिली, स्वतः लोकांसमक्ष लस टोचून घेतली आणि ही बातमी अनुयायांत पसरेल अशी व्यवस्था केली. परिणामी १८९७-९८ च्या हंगामात हजारो खोजांनी लस घेतली. समाज लहान व सुसंघटित असल्याने त्यात कोणी लस घेतली आणि कोण दगावले, हे नेमके कळू शके. त्यामुळे हाफकिन यांच्या विवेचनात खोजांच्या आकड्यांना मानाचे स्थान मिळाले. याच हंगामात, ९ मार्च १८९८ रोजी, मदनपुऱ्यातील विणकर मुसलमानांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. शहराच्या आरोग्य-अहवालात मात्र खोजा आणि मदनपुऱ्याचा मोमीन विणकर हे दोघेही ‘मुसलमान’ या एकाच सदरात येत. एकाचा धर्मगुरू लशीच्या बाजूने उभा होता, व्यापारात त्याला स्थैर्य होते आणि त्याच्या आळीत त्याच्याच लोकांचा दवाखाना होता. दुसरा उत्तरेकडून आलेला, मागावर पोट असलेला, आणि सरकारी माणूस दारात आला की तो काहीतरी घेऊन जाण्यासाठीच येतो, असा त्याचा अनुभव होता. ‘मुसलमानांतील लसीकरणाचे प्रमाण’ म्हणून जो आकडा निघेल, तो या दोघांपैकी कोणाचेच वर्णन करीत नाही. ‘हिंदू’ या सदराचीही तीच गत होती. त्यात परळच्या चाळीतील मराठा गिरणीकामगार आणि इतर अनेक जातींचे लोक एकत्र मोजले जात. ‘हीन जातीचे हिंदू’ असे जे वेगळे सदर असे, त्यातही असंख्य जाती कोंबलेल्या असत.

गिरणीकामगारांत लस कमी घेतली गेली, याचे कारण अज्ञान असे तत्कालीन अधिकारी सांगत. त्याहून साधे कारण असे, की ही लस टोचल्यावर बहुधा ताप येई, दंड सुजे आणि एक-दोन दिवस काम बंद राही. रोजावर पोट असणाऱ्याला हा खर्चच होता. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना पुरुष डॉक्टरांकडून टोचून घेणे अशक्य असे. जेथे स्त्री-डॉक्टर मिळाल्या, तेथे अडचण बरीच कमी झाली. अफवांचाही वाटा होता. लशीत गाय-डुकराचे मांस असते, सुई हातभर लांब असते, टोचलेला पुरुष नपुंसक होतो, अशा गोष्टी मुंबईपासून पंजाबपर्यंत पसरल्या. पण या अफवा कोणत्याही विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या नव्हत्या. जेथे झडती व छावणीची जबरदस्ती अधिक, तेथे त्या अधिक पसरल्या.

धारवाड जिल्ह्यातील हुबळीचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. तेथे १८९८ मध्ये हजारो लोकांनी, अखेरीस बहुसंख्य शहरवासीयांनी लस घेतली. ज्याच्याजवळ लस घेतल्याचा दाखला असेल, त्याला छावणीतून सवलत मिळे, हे त्याचे एक प्रबळ कारण होते. म्हणजे छावणीच्या भीतीने मुंबईत लोक लशीपासून दूर पळाले आणि हुबळीत तीच भीती त्यांना लशीकडे घेऊन आली. हुबळीचे तक्ते आठवडेवार ठेवलेले असल्याने दमणमधील दोष त्यांत बराच टळला. परंतु लस न घेतलेल्यांची संख्या प्रत्यक्ष मोजलेली नव्हती; एकूण लोकसंख्येच्या अंदाजातून लस घेतलेल्यांची संख्या वजा करून ती काढली जाई. समजा, शहरात ४०,००० लोक आहेत असे मानले आणि ३८,००० जणांनी लस घेतली, तर २,००० उरतात. पण लोकसंख्या खरोखर ४२,००० असेल, तर ४,००० उरतात आणि त्यांचा मृत्युदर एकदम निम्म्यावर येतो. लशीचा प्रसार जितका अधिक, तितका हा उरलेला आकडा डळमळीत, हे त्यातील वैचित्र्य होय.

टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील हिंदुस्थानी प्लेग आयोगाने या सर्व आकड्यांची कसून छाननी केली. आयोगाने अनेक तक्त्यांतील उणिवा दाखविल्या. तरीही लशीमुळे रोग होण्याचे व त्याने मरण्याचे प्रमाण घटते, मात्र संपूर्ण संरक्षण मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर पंजाबात मोठी मोहीम हाती घेण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा होता, असे दीर्घ वादानंतर मान्य झाले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. रॉनल्ड रॉस यांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली होती. दरम्यान पंजाबातील लसीकरण जवळजवळ थंडावले होते. १९०७ हेच वर्ष हिंदुस्थानातील प्लेगचे सर्वांत भीषण वर्ष ठरले. त्या एका वर्षात १३ लाखांवर लोक मृत्युमुखी पडले आणि त्यांत पंजाबातील लोकांचा वाटा फार मोठा होता. एका बाटलीने किती बळी घेतले, याचा हिशेब १९ वर थांबत नाही; पण पुढचा आकडा कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही.

मुंबईतून १८९७ ते १९२५ या काळात लशीच्या सु. २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पाठविण्यात आल्या. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ पासून असलेल्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. लशींच्या आकडेवारीची शास्त्रीय चिकित्सा मेजर ग्रीनवुड आणि जी. उडनी यूल यांनी १९१५ मध्ये विषमज्वर व पटकी यांच्या लशींच्या संदर्भात केली. तुलना करावयाचे दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे असावेत, रोगाशी त्यांचा संपर्क सारखा यावा आणि लस घेतली की नाही व रोग झाला की नाही या दोन नोंदी एकमेकींपासून स्वतंत्रपणे व्हाव्यात, या त्यांच्या प्रमुख अटी होत. मुंबई, दमण व हुबळी यांचे तक्ते या अटींना पुरे पडत नाहीत. भायखळ्याचा तुरुंग काही अंशी पुरा पडतो आणि उंढेऱ्याची २८ कुटुंबे बऱ्याच अंशी.