एकोणचाळीस मिनिटांचं भांडण

माणसाला घड्याळ कशाला लागतं? प्रश्न अगदी बाळबोध आहे. "वेळ कळायला," असं पहिलीतलं पोरही सांगेल. पण मला विचाराल तर एकट्या माणसाला घड्याळ लागतच नाही. कोंबडा आरवला की उठायचं, दिवस कासराभर वर आला की शेतात पोचायचं, सावली पायाशी आली की भाकरी सोडायची आणि दिवेलागणीला घरी. आमच्या आजीचं सगळं आयुष्य असं गेलं आणि तिचं कुठलंच काम कधी उशिरा झालं नाही.

घड्याळ लागतं ते दुसऱ्या माणसासाठी. दोघांना एका वेळी एका जागी यायचं असेल, तर दोघांना मान्य असं काहीतरी माप हवं. म्हणजे घड्याळ हे यंत्र नंतर, आधी तो एक करार आहे. आणि करार म्हटला की लगेच पुढचा प्रश्न येतो : करार केला कोणी, आणि विचारलं कोणाला? या एका प्रश्नापायी आपली मुंबई सत्तरएक वर्षं भांडत होती. आज तीच गोष्ट सांगायची आहे. पण शिक्षकाची सवय, थोडं मागून सुरू करतो.

घड्याळ या शब्दातच आपली जुनी 'घटी' बसलेली आहे. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं आणि वाटी भरून बुडते. तेवढा वेळ म्हणजे एक घटका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटं. साठ घटकांचा एक दिवस, साठ पळांची एक घटका. पूर्वी लग्नघरी मुहूर्त साधायला हेच घटिकापात्र मांडत. सूर्यबिंब अर्धं बुडालं की पात्र पाण्यात सोडायचं आणि मग किती घटका झाल्या ते मोजत बसायचं. दोन्हीकडच्या वऱ्हाडाची नजर त्या वाटीवर. कोणी कोणाला फसवू शकत नव्हतं, कारण वाटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बुडत होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

युरोपात वजनावर चालणारी दातेरी चाकांची घड्याळं तेराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागली. गंमत म्हणजे त्यांना बराच काळ एकच काटा असे, तासाचा. दिवसाला पंधरा मिनिटांची चूक सहज व्हायची, मग मिनिटकाटा लावून करायचं काय? १६५६ मध्ये हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ केलं आणि ती चूक दिवसाला पंधरा सेकंदांच्या आसपास आली. त्यानंतर मिनिटकाट्याला अर्थ आला, आणि त्या काट्याबरोबर 'पाच मिनिटं उशीर' नावाची चीजही जगात आली.

तरीही प्रत्येक गावाची वेळ वेगळीच होती. सूर्य डोक्यावर आला की त्या त्या गावाचे बारा. घोड्यावरून प्रवास होता तोवर कोणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते आगगाडीमुळे. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टल शहराची स्वतःची वेळ लंडनच्या सुमारे दहा मिनिटं मागे. तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीवरच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनचा आणि एक ब्रिस्टलचा!

आपल्याकडेही तेच झालं. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. मद्रास या दोघांच्या साधारण मध्ये, शिवाय तिथे १७९२ पासूनची वेधशाळा. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबईकर घरी मुंबईच्या वेळेने जेवायचा आणि गाडी मद्रासच्या वेळेने पकडायचा. अर्ध्या तासाचा फरक डोक्यात ठेवायचा, बस्स. लोक सरावले होते.

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवलं की सरकारी कचेऱ्याही मद्रासच्या वेळेने चालतील. (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे.) शहराला कोणी विचारलं नाही आणि शहर बिथरलं. आमचे बारा आमच्या सूर्याने वाजतील, मद्रासच्या नाही, असा एकूण सूर. दोनेक वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

दुसरी फेरी जास्त कडू होती. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे अशी 'भारतीय प्रमाणवेळ' सुरू झाली. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश, जो मिर्झापूरजवळून जातो, तो आधाराला धरला. शास्त्र म्हणून योग्यच होतं. पण वेळ बघा! बंगालची फाळणी होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. सरकारने उगवता सूर्यही हुकमात घेतला, असं लोकांना वाटलं तर नवल नाही. मुंबईत सगळी घड्याळं ३९ मिनिटं पुढे करायची होती.

आता एकोणचाळीस मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं आपण म्हणू. पण गिरणगावातल्या माणसाच्या बाजूने विचार करा. पूर्वी गिरणी उजेडाबरोबर सुरू व्हायची आणि उजेडाबरोबर संपायची. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधाराची सोबत सुटली. चौदा-पंधरा तास काम होऊ लागलं, त्यावरून दंगेधोपेही झाले. त्यात आता भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार! कामगाराकडे स्वतःचं घड्याळ नव्हतं. त्याची वेळ म्हणजे भोंगा, आणि भोंग्याची दोरी मालकाच्या हातात. लग्नातल्या घटिकापात्रासारखी ही वाटी त्याच्या डोळ्यांसमोर बुडत नव्हती. सकाळी किती चोरले आणि संध्याकाळी किती वाढवले, हे त्याने ताडून बघायचं तरी कशाशी?

१९०६ च्या त्या जानेवारीतच जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी काम बंद केलं, दगडफेक झाली. शहरात पंधरा हजारांवर लोकांनी अर्जांवर सह्या केल्या. महापालिकेने आधी नवी वेळ स्वीकारली होती, पण त्याच वर्षी ठराव करून मुंबईची वेळ परत आणली. या लढ्यात फिरोजशहा मेहता पुढे होते. म्हणजे मामला असा झाला, की रेल्वे, तार आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेने आणि महापालिकेची घड्याळं दुसऱ्या. पुढची चाळीसहून अधिक वर्षं! कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईची जुनी वेळ पूर्णपणे गेली ती त्यानंतर, पन्नासच्या दशकात. तेव्हा कारभार आपला होता, आणि आपल्या देशाची वेळ पाळण्यात कोणाला कमीपणा वाटायचं कारण उरलं नव्हतं. कामगारांच्या तासांना कायद्याने मर्यादा मात्र आधीच आली होती. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तास ठरले.

आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. जत्रेला गावी आले की वेळ सांगणाऱ्याला विचारायचे, "कुठल्या टायमाने? मुंबई टाइम का स्टँडर्ड?" तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आम्हा पोरांना ती थट्टा वाटायची. पण ती थट्टा नव्हती, हे मला इतिहास शिकवायला लागल्यावर कळलं.

आबांच्या मनगटावर घड्याळ आलं ते फार उशिरा, एचएमटीचं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला १९६१ पासून ही घड्याळं तयार होऊ लागली. रोज सकाळी चावी द्यायची. चावीने आतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती हळूहळू उलगडत चाकं फिरवते. ती एकदम उलगडू नये म्हणून एक छोटं चाक इकडून तिकडे झोके घेत सेकंदाला पाच वेळा तिला अडवतं नि सोडतं. ती टिकटिक म्हणजे हे अडवणं-सोडणं. त्यांच्या एका मॉडेलचं नाव 'जनता' होतं. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटतं. ज्याच्या बापाला भोंग्याशिवाय वेळ माहीत नव्हती, तो आता भोंगा वाजला की मनगटाकडे बघून म्हणू शकत होता, "दोन मिनिटं आधी वाजवलान." भोंगा तोच, पण त्याचा हिशेब मागणारं काहीतरी हातात आलं. पुढे १९८२ च्या संपानंतर एकेक करून बहुतेक भोंगे गप्प झाले, आणि २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय झाला.

शाळेत स्थानिक वेळ शिकवताना मी मैदानात काठी रोवून घ्यायचो. आमचं गाव साताऱ्याकडचं, चौऱ्याहत्तर रेखांशाजवळ. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३४ मिनिटं मागे. संक्रांतीच्या सुमारास सावली सगळ्यांत आखूड व्हायची तेव्हा घड्याळात बारा चाळीस उलटून गेलेले असत. (वरची मिनिटं पृथ्वीच्या कमीजास्त वेगाची आणि कललेल्या आसाची.) एकदा एका मुलीने विचारलं, "सर, मग खरे बारा कोणते? काठीचे का घड्याळाचे?" मी म्हटलं, "काठीचे बारा सूर्याचे, घड्याळाचे बारा आपल्या सगळ्यांचे." आजही मला याहून चांगलं उत्तर सुचत नाही.

हे भांडण संपलंय असंही समजू नका. आसामात सूर्य आपल्यापेक्षा कितीतरी आधी उगवतो. तिथले चहाचे मळे अजूनही 'चायबागान टाइम' पाळतात, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. ईशान्येला वेगळी वेळ हवी ही मागणी जुनी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अणुघड्याळांवर देशाची वेळ राखली जाते. तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन वेळा कशा ठेवता येतील ते मांडलं होतं. दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या अपघातांची भीती आहे, आणि देशाचे दोन भाग पडल्यासारखं वाटेल ही भीतीही आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला एवढंच वाटतं, की जे काही ठरेल ते तिथे पहाटे चारला उजाडलेलं बघणाऱ्या माणसाला विचारून ठरावं. अणुघड्याळ सेकंदाचा कितवा भाग मोजतं याने तो प्रश्न सुटणार नाही.

असो. तुमच्या घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांना 'मुंबई टाइम' आठवत असेल, किंवा माळ्यावर एखादं घटिकापात्र पडलेलं असेल, तर मला जरूर कळवा. ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.