गड्यावानी आवाजाची बाई

हळदीची गडबड संपल्यावर कळमनुरीत आमच्या गटाची बैठक झाली. ठराव वाचायची पाळी एका ताईची होती. ती मागं सरकली. म्हणाली, "माझा आवाज गड्यावानी हाय, लोक हसतेत." भजनातही ती नुसते टाळ वाजवते. तेव्हा आम्हाला उषा उथुप आठवल्या.

त्यांचा जन्म १९४७ चा, मुंबईचा. घर तमिळ, वडील पोलीस खात्यात. भायखळ्याच्या शाळेत गाण्याच्या तासाला त्यांना बाहेर काढलं, कारण आवाज जाड. बाईंनी हातात वाजवायला टाळ्या-त्रिकोण दिले, बस. शास्त्रीय गाणं त्या कुणाकडे शिकल्या नाहीत. घरातल्या रेडिओवर किशोरी आमोणकरांपासून इंग्रजी गाण्यांपर्यंत सगळं ऐकलं, तीच त्यांची शाळा.

१९६९ साली मद्रासच्या 'नाइन जेम्स' नावाच्या नाइट क्लबात त्या पहिल्यांदा गायल्या. नाइट क्लब म्हणजे रात्री जेवण, दारू, बँड. तिथं गाणाऱ्या बाईनं झगा घालायचा ही रीत. या गेल्या साडी नेसून. बंड वगैरे काही नव्हतं, रोज नेसायच्या तीच साडी. पुढं कलकत्त्याच्या 'ट्रिंकाज'मध्येही तशाच उभ्या राहिल्या, कपाळाला मोठं कुंकू.

तो काळ हिप्प्यांचा. परदेशातून लांब केसांची पोरं गिटार आणि चिलीम घेऊन गोव्यात, नेपाळात यायची. त्यांच्यावरच देव आनंदनी १९७१ मध्ये 'हरे रामा हरे कृष्णा' काढला, संगीत आर. डी. बर्मन यांचं. त्यात आशाताईंचा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे, पण इंग्रजी गाणारा जाड आवाज उषाताईंचा. पुढं 'शालीमार', मग बप्पी लाहिरींची डिस्को गाणी. आपल्या गावच्या वरातीत ती अजून वाजतात, गाणारीचं नाव मात्र कुणी विचारत नाही.

सगळं सुरळीत नव्हतं. ऐंशीच्या दशकात बंगालच्या एका मंत्र्यांनी ही गाणी संस्कृती बिघडवतात म्हणून सरकारी सभागृहात त्यांचा कार्यक्रम अडवला. त्या रडत बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. आम्हाला सगळ्यात आवडली ती हीच गोष्ट. साडी, कुंकू सगळं असूनही बाईला बोल लागतोच, हे तुम्हा-आम्हाला नवं नाही.

साठी उलटल्यावर 'सात खून माफ'मधल्या 'डार्लिंग' गाण्यासाठी रेखा भारद्वाज यांच्यासोबत त्यांना फिल्मफेअर मिळालं. २०११ ला पद्मश्री, २०२४ ला पद्मभूषण.

ते गाणं आम्ही ताईला मोबाइलवर ऐकवलं. दोनदा ऐकलं तिनं. मग म्हणाली, "अगं, ही तर माझ्याहून जाड!" येत्या शनिवारी बँकेचे साहेब येणार आहेत. ठरावाची वही तिनं घरी नेली आहे.