झकास कोणाच्या मालकीचं?

20 सप्टेंबर 2023 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज आणि ‘झकास’ हा उद्गार परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. मे 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांची पाळी आली. त्यांनी ज्या गोष्टींवर हक्क सांगितला त्यांत ‘जग्गू दादा’बरोबर ‘भिडू’ही होता. दिल्लीच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत एरवी मराठी शब्द सापडणं मुश्कील. इथे तर दोन शब्द थेट न्यायालयाच्या आदेशातून आले, तेही रोमन लिपीत, आपापल्या मालकाचं बोट धरून.

झकास हा शब्द मराठी माणूस चहाला लावतो, भजीला लावतो, बाळंतिणीची तब्येत कशी आहे या प्रश्नाचं उत्तर म्हणूनही वापरतो. 1985 च्या ‘युद्ध’ या चित्रपटात अनिल कपूर तो त्यांच्या पद्धतीने म्हणाले आणि हिंदी मुलखात तो त्यांच्या नावावर चढला. भिडूची गोष्ट जास्तच गमतीची. भिडू म्हणजे खेळातला साथीदार. पत्त्यांत समोर बसतो तो, विटीदांडूत आपल्या बाजूने खेळतो तो. त्याच्याशिवाय डावच मांडता येत नाही. असा शब्द एकट्याच्या मालकीचा कसा व्हावा, हे अनुवादकाला तरी पटकन उमगत नाही.

अर्थात न्यायालयाने भजीची तारीफ करायला बंदी घातलेली नाही. तक्रार होती ती खोट्या जाहिराती, परस्पर विकले जाणारे टी-शर्ट, यंत्राने बनवलेले चेहरे आणि उसने आवाज यांच्याबद्दल. विडंबन आणि टीका यांना मोकळीक राहील, असंही अनिल कपूर यांच्या आदेशात म्हटलं आहे. जॅकी श्रॉफ यांच्या खटल्यात एका यूट्यूबरच्या गमतीदार व्हिडिओला न्यायालयाने तातडीची मनाई केली नाही. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये अमिताभ बच्चन असाच आदेश घेऊन गेले होते, आणि सप्टेंबर 2025 मध्ये ऐश्वर्या राय व अभिषेक बच्चन यांनीही हाच रस्ता धरला. मुंबईची कीर्ती दिल्लीत येऊन आपला सात-बारा करून घेते आहे, असं म्हणायला हरकत नाही. पण तिची मशागत कोण करतं आणि पीक कोणाच्या कोठारात जातं, हा प्रश्न मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने फार आधी पाहिलेला आहे.

बालगंधर्वांचं उदाहरण घ्या. त्यांच्यासारखी साडी नेसणं, त्यांच्यासारखा केशभार बांधणं ही घरंदाज बायकांची फॅशन झाली होती. त्या काळी याला कोणी हक्कभंग म्हटलं नाही. उलट नारायण श्रीपाद राजहंस यांच्याकडूनच कीर्ती हिशेब मागत राहिली. 1911 साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी रंग लावला, ही कथा आपण शंभर वर्षं कौतुकाने सांगत आलो आहोत. तिला कलानिष्ठा म्हणतात. रजा हा शब्द त्या कथेत कुठेही येत नाही.

तो शब्द, किंवा त्याच्या जवळचा काही, पुढे एका नटीने उच्चारला. शांता आपटे ही ‘प्रभात’ची तारका. ‘अमृतमंथन’ (1934), ‘अमर ज्योती’ (1936) आणि मग 1937 चा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा ते लग्न मानायलाच तयार नाही. ती लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते आणि अंगचटीला येणाऱ्या तरुणाला चोप देते. हीच शांता आपटे जुलै 1939 मध्ये पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. वाद पगाराचा आणि कराराचा होता.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपवास केला होता. मुंबईत काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने आणलेल्या औद्योगिक कलह कायद्याविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला होता. उपवास आणि संप ही दोन्ही हत्यारं हवेतच होती. शांताबाईंनी ती एकत्र केली, आणि जागाही नेमकी निवडली. स्टुडिओचं फाटक म्हणजे जिथून कामगार आत जातो आणि चाहता बाहेर ताटकळतो ती जागा. चाहत्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरची नीरा कामगार झाली. आज त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी 2015 मध्ये बराच मोठा संप केला. त्या जागेला फाटकाबाहेर बसणाऱ्यांची सवय असावी.

दुर्गा खोटे एका कंपनीला बांधून न घेता ठिकठिकाणी कामं करत होत्या, हा दाखला इथे नेहमी दिला जातो. तो खरा आहे, पण त्या मुंबईच्या मातबर लाड घराण्यातल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीत जन्मलेल्या मुलीपाशी गळा होता आणि करार होता.

आता करमणुकीच्या बातम्यांकडे येऊ. त्यांचा एक आद्य पुरुषही मराठी मुलखातलाच, पालघरकडचा बाबूराव पटेल. 1935 मध्ये त्याने ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढलं. एस. एम. पंडितांनी रंगवलेली त्याची मुखपृष्ठं देखणी असत आणि आतला मजकूर तिखट. वाचकांच्या प्रश्नांना तो चावरी उत्तरं देई आणि लोक ती उत्तरं वाचायलाच अंक घेत. मंटोने ‘गंजे फरिश्ते’मध्ये त्याचं व्यक्तिचित्र लिहिलं आहे. पटेलने स्वतः चित्रपट काढले, 1944 च्या ‘द्रौपदी’त पत्नी सुशीलाराणींना नायिका केलं, पण दुसऱ्यांच्या चित्रपटांची तो जशी साल काढी तसं यश त्याला स्वतःच्या चित्रपटांत मिळालं नाही. 1967 मध्ये तो जनसंघातर्फे शाजापूरहून निवडून येऊन दिल्लीला लोकसभेत गेला. सिनेमाच्या कुचाळक्या आणि राष्ट्राची चिंता यांचा सांधा जोडणारा तो पहिला संपादक नसेल, पण मला आठवणाऱ्यांत सगळ्यांत वाचनीय आहे.

शांता आपटे यांनी याच बाबूरावाला त्याच्या कचेरीत शिरून छडीने झोडपलं, अशी आख्यायिका आहे. ती जितक्यांदा वाचली तितक्यांदा तपशील वेगळा. ‘कुंकू’तल्या नीरेनेच पडद्यावरून उतरून ते केलं, असं वाटण्याइतकी ती सोयीची आहे. आख्यायिका टिकली, उपोषण मात्र विसरलं गेलं. नटीने संपादकाला मारणं ही बातमी होते. तिने पगाराचा हिशेब मागणं हे फार तर आतल्या पानावर जातं.

नोएडाच्या फिल्म सिटीत, सेक्टर 16 ए मध्ये, आज फिल्मपेक्षा वृत्तवाहिन्या जास्त आहेत. 2020 च्या उन्हाळ्यात सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर दिल्ली-नोएडा-मुंबईच्या स्टुडिओंतून कित्येक आठवडे खटले चालले: फिर्यादी, वकील, न्यायाधीश सगळे तेच. ऑक्टोबरमध्ये 34 निर्माते आणि चार संघटना दोन वाहिन्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. बाबूरावाची लेखणी निदान महिन्यातून एकदाच टोचायची. आणि इतकी चर्चा होऊनही सेटवर सोळा तास उभ्या राहणाऱ्या स्पॉटबॉयबद्दल, मालिकेतल्या दुय्यम नटाला तीन महिन्यांनी मिळणाऱ्या पैशांबद्दल कोणी अँकर घसा ताणताना दिसला नाही. ‘झकास’चा हक्क सांगायला वकील मिळतो, कारण सांगणाऱ्याकडे आधीच कीर्ती असते. मागे घोळक्यात नाचणाऱ्याचा चेहराही यंत्राने उचलता येतो. त्याने दिल्लीला यायचं ते कोणाच्या भाड्याने?

शांता आपटे यांनी 1940 मध्ये एक पुस्तक लिहिलं: ‘जाऊ मी सिनेमांत?’. नटीचं पुस्तक म्हटल्यावर आठवणी, किस्से, थोडी रडारड अपेक्षित असते. हे पुस्तक भांडवल, मजुरी आणि शरीराचा थकवा यांच्याबद्दल बोलतं. पडद्यावर चमकणाऱ्या देहाला काम झेपत नाही तेव्हा काय होतं, हा प्रश्न सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींसमोर ती ठेवते. अलीकडे देबश्री मुखर्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते पुन्हा उजेडात आणलं आणि त्यात थकव्याचा एक सिद्धान्त वाचला.

पण शीर्षकापाशीच अनुवादकाचं घोडं अडतं. हिंदीत ते शब्दाला शब्द ठेवून जातं. इंग्रजीत मात्र ‘शुड’ की ‘मे’, हे ठरवावं लागतं. ‘जाऊ मी?’ असं मुलगी आईला उंबऱ्यातून विचारते तेव्हा ती परवानगी मागत असते, आणि मैत्रिणीला विचारते तेव्हा सल्ला. शांताबाईंनी ते शीर्षक दिलं तेव्हा त्या आठ वर्षं सिनेमात होत्या, आणि वर्षभरापूर्वी फाटकाबाहेर बसून आल्या होत्या.