दोन मतं, दोन पेट्या

सोलापुरात काँग्रेस हरूच शकत नाही, असं आमच्या लहानपणी सगळे गृहीत धरायचे. आजोबा तेवढे मान हलवायचे. "पयल्याच इलेक्शनला पडली हुती की!" गिरणीत मागावर आयुष्य काढलेल्या त्या माणसाला 1952 पाठ होतं. तेव्हा सोलापूर द्विसदस्य मतदारसंघ. प्रत्येकाला दोन मतं. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह डकवलेलं. निवडून आले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले, फेडरेशनला देशभरात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक आमची. हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा.

पुढं द्विसदस्य मतदारसंघ गेले, मत एकच राहिलं. 1962 ते 1991, सलग आठ वेळा काँग्रेस. मडेप्पा काडादी एकदा, सुरजरतन दमाणी तीनदा, गंगाधर कुचन आणि धर्मण्णा सादूल दोन-दोनदा. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या शेजारच्या अव्वाला पक्षाशी देणंघेणं नसायचं. आपल्याशी तेलुगूत बोलणारा माणूस दिल्लीला गेला, याचं तिला कौतुक. म्हणूनच 1996 ला भाजपचे लिंगराज वल्याळ जिंकले तेव्हा मोहल्ल्याबाहेरचे चकित झाले, अव्वा नाही. तोवर 1877 ची जुनी गिरणी कधीच बंद पडली होती. गेटवरच्या सभांत जमणारा कामगार आपापल्या गल्लीत विखुरला होता.

त्यानंतर ही जागा कुणालाच निर्धास्त झोपू देईना. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाले म्हणून सुरुवात केलेले काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे 1998 आणि 1999 ला जिंकले. ते मुख्यमंत्री झाले आणि 2003 च्या पोटनिवडणुकीत जागा भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटलांकडे गेली. 2004 ला सुभाष देशमुखांनी उज्ज्वला शिंदेंना हरवलं. 2009 ला मतदारसंघ राखीव झाला, शिंदे परत आले. 2014 ला मात्र देशाचे गृहमंत्री असताना ते शरद बनसोडेंकडून हरले.

2019 ला आजोबांची फार आठवण आली. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी सुशीलकुमार शिंदेंवर सुमारे 1 लाख 58 हजारांनी जिंकले. प्रकाश आंबेडकरांना मिळाली होती सुमारे 1 लाख 70 हजार मतं. बाबासाहेबांचा नातू आणि सोलापूरचा शिंदे समोरासमोर, आणि हातात मत एकच! 2024 ला प्रणिती शिंदेंनी राम सातपुतेंना 74,197 मतांनी हरवलं, तेव्हा टीव्हीवाले काँग्रेसचा गड परत आल्याचं सांगत होते. आमच्या घरात ते कुणी मनावर घेतलं नाही. आठ विजयांची ती तीस वर्षं सोडली, तर हे गाव दर खेपेला नव्यानं मनवावं लागतं, एवढं आजोबांनी आम्हाला शिकवून ठेवलंय.