अमरसिंह आणि रॉजेट

इंग्रजीचा अभ्यास नेटानें करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं व्याकरण व शब्दकोश यांच्या मागोमाग जें पुस्तक येतें तें रॉजेटचा 'थिसॉरस' होय. समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांचें भांडार म्हणून त्याची ख्याति मोठी आहे. परंतु त्याच्या उपोद्घातांतील एका तळटीपेचा आपल्याशीं निकटचा संबंध आहे, व तिकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

पीटर मार्क रॉजेट (१७७९–१८६९) हा व्यवसायानें वैद्य. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं त्यानें एडिंबरो येथें वैद्यकाची पदवी मिळविली; पुढें १८२७ पासून १८४८ पर्यंत तो रॉयल सोसायटीचा चिटणीस होता. स्वतःच्या लेखनाच्या सोयीसाठीं शब्दांचें एक लहानसें टांचण त्यानें १८०५ सालीं केलें होतें. चिटणीसपद सोडल्यावर त्यानें तें पुन्हा हातीं घेतलें, आणि १८५२ मध्यें, म्हणजे त्र्याहत्तरी गांठल्यावर, ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. वनस्पति व प्राणी यांची शास्त्रज्ञ जशी जाति-कुळें लावतात, तशीं त्यानें मानवी कल्पनांचीं लावलीं: वर्ग सहा आणि त्यांखालीं सदरें एक हजार. सामान्य कोश शब्दावरून अर्थाकडे नेतो. हा अर्थावरून शब्दाकडे नेतो.

अशा रचनेचे पूर्वीचे यत्न सांगतांना रॉजेट सर्वांत प्राचीन म्हणून नांव घेतो तें अमरकोशाचें. कोलब्रूकनें केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर श्रीरामपूर येथें १८०८ मध्यें छापलें होतें; तें त्यानें पाहिलें होतें. त्याचा अभिप्राय मात्र कडक आहे. अमूर्त कल्पनांची मांडणी त्याला फार गोंधळाची वाटली. पाप, पुण्य, सुख, दैव, बुद्धि, रस, गंध व वर्ण हीं सारीं एकाच प्रकरणांत कोंबलेलीं पाहून त्यानें नापसंती दाखविली. समुद्र, पृथ्वी, नगरें, वृक्ष व प्राणी यांच्या वर्गांत मात्र तर्कशुद्ध क्रम आहे, आणि इतक्या प्राचीन काळीं एवढें पृथक्करण व्हावें हें लक्षणीय आहे, असेंही तो प्रांजळपणें म्हणतो.

हा अभिप्राय स्वाभिमानानें झिडकारण्याचें कारण नाहीं, तसाच तो मुकाट्यानें शिरसावंद्य करण्याचेंही नाहीं. अमरसिंहानें आपल्या ग्रंथास 'नामलिंगानुशासन' असें नांव दिलें. नामें आणि त्यांचीं लिंगें श्लोकबद्ध करून विद्यार्थ्याच्या मुखीं बसवावीं, हा त्याचा हेतु. विश्वाचें तात्त्विक वर्गीकरण करण्याची प्रतिज्ञा त्यानें केलेली नाहीं. एक ग्रंथ पाठ करावयाचा, दुसरा उघडून पाहावयाचा. दोहोंस एकच माप लावणें न्याय्य नव्हे. शिवाय कालवर्गांत पापाचीं नांवें संपतांच पुण्याचीं येतात. परस्परविरुद्ध कल्पना शेजारीं ठेवण्याचें बीज तेथें आहे. रॉजेटनें तेंच समोरासमोरचे दोन स्तंभ करून नियमानें ग्रंथभर राबविलें.

आमच्या मतें परभाषा शिकणाऱ्यास खरा लाभ या दुसऱ्या स्तंभाचा आहे. समानार्थी शब्दांची नुसती यादी फसवी असते. 'किंग्ली', 'रॉयल' व 'रीगल' हे तिन्ही शब्द राजाशींच निगडित. पण पहिला मूळचा इंग्रजी, दुसरा फ्रेंचांतून आलेला आणि तिसरा लॅटिनांतून घेतलेला. जेथें एक शोभतो तेथें दुसरा शोभेलच असें नाहीं. याउलट विरुद्ध शब्द अर्थाची सीमा दाखवितो. 'ओल्ड' या शब्दापुढें कधीं 'न्यू' येतो, कधीं 'यंग'. आणि मग आपल्या भाषेंत जुना व म्हातारा असे जे दोन शब्द आहेत, ते इंग्रजींत एकाच शब्दांत कसे सामावले आहेत हें तत्काळ उमगतें.

परीक्षेपुरत्या याद्या घोकून निबंधांत जड शब्द पेरणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचें पाठांतर अमरकोशाच्या धर्तीचें, पण त्यामागें श्लोकाची शिस्त नाहीं. आणि साधन रॉजेटचें, पण त्यामागें वाचनाचा आधार नाहीं. रॉजेटनें आपला कोश भाषा जाणणाऱ्यासाठीं रचला. ओठांवर येऊन अडलेला शब्द तो हातीं देतो, अनोळखी शब्दाची ओळख करून देत नाहीं. ती चांगल्या ग्रंथांच्या वाचनानेंच व्हावयाची. ती झाल्यावर हा कोश उघडावा, आणि शेजारीं अमरसिंहासही स्थान द्यावें.