रँग्लर परांजपे : एका उदारमतवादी मंत्र्याची कारकीर्द

चाळीसगांवाजवळ डोंगराच्या पायथ्याशीं पाटण नांवाचें एक प्राचीन स्थळ आहे. तेथील देवीच्या देवळांत जो शिलालेख आहे त्यांत शके ११२८ मधील एका दानाची नोंद सांपडते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथें मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्याला उत्पन्न लावून दिलें. लेखाच्या शेवटच्या मराठी भागांत त्या उत्पन्नाचा तपशील आहे : पाटणच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा कर मठाला द्यावा, प्रत्येक घाण्यामागें पळीभर तेल द्यावें. विद्येचा खर्च कोणीं सोसावा, या प्रश्नाला त्या काळानें दिलेलें हें उत्तर होय.

सातशें वर्षांनीं तोच प्रश्न मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळापुढें आला. तो मांडणारा मंत्रीहि योगायोगानें गणितीच होता. त्यांचें नांव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

परांजपे यांचा जन्म १८७६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डी या खेड्यांत झाला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत १८९९ सालीं ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी विद्यार्थी. मोठ्या पगाराच्या सरकारी नोकऱ्या त्यांना सहज मिळत्या. परंतु अल्प वेतनावर सेवा करण्याचें डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेलें वचन त्यांनीं पाळलें, आणि १९०२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे राजकारणांतील गुरु. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें जें बिल गोखल्यांनीं १९११ सालीं मांडलें, तें पुढल्याच वर्षीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. गुरूचें हें अपुरें राहिलेलें कार्य शिष्याच्या अंगावर येऊन पडावयाचें होतें.

तशी संधि आली ती मोठ्या अडचणीच्या वेळीं. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति सुरू झाली. शिक्षण, आरोग्य यांसारखीं खातीं लोकनियुक्त मंत्र्यांच्या हातीं आलीं. जमाखर्चाचें खातें मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिलें. म्हणजे संसार मंत्र्यानें करावयाचा आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला ! गांधीजींच्या असहकारितेमुळें काँग्रेसनें निवडणुकींवर बहिष्कार घातला होता. १९१८ सालीं काँग्रेसपासून वेगळे झालेले उदारमतवादी, ज्यांना लोक ‘नेमस्त’ म्हणत, ते मात्र कायदेमंडळांत गेले. मिळेल तो अधिकार वापरून दाखवावा आणि त्याच्या बळावर अधिक मागावा, हा त्यांचा पक्ष. १९२१ सालीं परांजपे शिक्षणमंत्री झाले ते याच श्रद्धेनें.

त्यांच्या कारकीर्दीचें मुख्य फळ म्हणजे १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा. प्राथमिक शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून काढून लोकल बोर्डें व नगरपालिका यांच्याकडे सोंपवावा, आणि सक्तीच्या शिक्षणाची योजना त्यांनींच आंखावी, असें त्यांत ठरलें. मंजूर योजनेच्या वाढीव खर्चापैकीं जिल्हा लोकल बोर्डाला दोनतृतीयांश आणि नगरपालिकेला निम्मा हिस्सा सरकार देणार होतें. उरलेला भार लोकांनीं आपल्या करांतून उचलावा, म्हणजे शाळा ही सरकारची नसून आपली आहे ही जाणीव त्यांच्यांत येईल, असा त्यामागील विचार होता.

हा विचार उदात्त खरा. पण त्यांत एक गृहीत धरलेली गोष्ट होती. गांवकारभार ज्यांच्या हातीं आहे ते सर्व गांवाच्या मुलांचा विचार करतील, असें तें गृहीत होतें. त्याच वर्षीं, ४ ऑगस्ट १९२३ रोजीं, कायदेमंडळांत सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालयें व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत. आतां कागदावर दोन्ही गोष्टी आल्या, शाळाहि आली आणि तिचें दारहि उघडें झालें.

परंतु कागद आणि गांव यांत किती अंतर असतें, हें चाळीसगांवानें १९२९ सालीं दाखविलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हां कायदेमंडळाचे सभासद होते, आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीवरहि त्यांची नेमणूक झालेली होती. खानदेशच्या दौऱ्यावरून परततांना ते चाळीसगांव स्टेशनावर उतरले. त्यांना वस्तीवर नेण्यास एकहि टांगेवाला तयार होईना. शेवटीं टांगा मिळाला, पण हांकणारा मिळाला नाहीं. तेव्हां वस्तींतील एका माणसानेंच संवय नसतांना लगाम हातीं घेतला. मोरीवर टांग्याला अपघात होऊन बाबासाहेब दगडांवर फेंकले गेले व त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनीं स्वतः पुढें लिहून ठेविली आहे. समितीच्या सभासदाची जेथें ही दशा, तेथें पाटीदप्तर घेऊन शाळेच्या दाराशीं उभ्या राहिलेल्या पोराची काय कथा !

परांजपे यांना हा अनुभव पाहण्यास मंत्रिपद उरलें नव्हतें. १९२३ च्या निवडणुकींत स्वराज्य पक्षाची लाट आली आणि उदारमतवाद्यांचा पाडाव झाला. बंगालमध्यें सुरेन्द्रनाथ बॅनर्जींसारखा वृद्ध पुढारीहि पडला. मधल्या वाटेनें जाणाऱ्यांचें हें दैव केवळ आपल्याच देशांत दिसलें असें नाहीं. त्याच वर्षीं जर्मनींत गुस्टाव्ह श्ट्रेझमान हा उदारमतवादी पुढारी चॅन्सेलर झाला. उजव्यांनीं त्याला देशद्रोही ठरविलें, डाव्यांनाहि तो आपला वाटला नाहीं, आणि अवघ्या तीन महिन्यांत त्याला पायउतार व्हावें लागलें.

परांजपे १९२७ सालीं पुन्हां कांहीं काळ मंत्री झाले, तेव्हां त्यांच्याकडे जंगल व अबकारी हीं खातीं होतीं. पुढें ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरु, ऑस्ट्रेलियांतील हिंदुस्थानचे हायकमिशनर आणि १९५६ पासून पुणें विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १९६६ सालीं, नव्वदाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. गोखल्यांनीं मागितलेला शिक्षणाचा हक्क देशभर कायद्यानें अमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनीं.

तेव्हां त्यांच्या कारकीर्दीला यश म्हणावें कीं अपयश ? मला वाटतें, परांजपे यांनीं प्रश्नाचा अर्धा भाग अचूक सोडविला. विद्येचा खर्च सर्व समाजानें सोसावा, हें पाटणच्या दानपत्रांत होतें तें त्यांनीं कायद्यांत आणलें. आणि मठांतील थोड्यांच्या जागीं गांवांतील प्रत्येक मूल त्यांनीं हिशेबांत धरलें. उरलेला अर्धा भाग कोणत्याहि मंत्र्याच्या सहीनें सुटणारा नव्हता. घाण्यावरील तेल राजाज्ञेनें गोळा करतां येतें; शेजाऱ्याच्या मुलाला आपल्या मुलाशेजारीं बसविण्याची बुद्धि मात्र ज्याची त्यालाच व्हावी लागते.